बांद्याला राहिलेला मेणाचा ठोकळा

आचरा, शनिवार

चि. भार्गवी हिला हरिकाकाचे भरपूर आशीर्वाद.

तू बरी असशील आणि दुपारचं जेवण दुपारीच घेत असशील, असं धरून चालतो. इथे सर्व ठीक. अक्का दोन वेळा पेज घेते, मीठ कमी झालं की बोटाने खुणावते, म्हणजे तुझ्या आतेचा स्वभाव शाबूत आहे. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोन माजघरात लागतो आणि माजघरात अक्का असते. म्हणून हा कागद.

मागच्या वर्षी तिच्या गालाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती पाटीवर लिहूनच बोलते, आणि आता मानेत पुन्हा गाठ आली, हे तुला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणाले, या वेळी कापता येणार नाही, पण एक नवीन इंजेक्शन आहे, ते शरीराच्याच फौजेला जागं करतं. ते उपयोगी पडेल का, हे पाहायला नुसती गाठ तपासून भागत नाही, तिच्याभोवती कोण जमलंय तेही मोजावं लागतं. काही पेशी लढायला आलेल्या असतात, काहींना गाठ फितवते, आणि काही भोवती असा चिवट पडदा विणतात की लढणाऱ्यांना आत शिरताच येत नाही. (चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढल्यावर मला हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही.) तू सूक्ष्मदर्शकाखाली रोज याच पेशी बघतेस, तेव्हा चूकभूल सांभाळून घे.

तर हा नमुना गोव्याच्या इस्पितळातून सोडवून मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवायचा होता. मंगळवारी मी अर्ज तीन प्रतींत घेऊन गेलो (त्यांनी एकही वाचला नाही) आणि तो घेतला. गुलाबी प्लॅस्टिकच्या चौकटीत मेणाचा एवढासा ठोकळा, त्यात तांदळाच्या कणीएवढा अक्काचा तुकडा. खिडकीवरची बाई म्हणाली, उन्हात ठेवू नका आणि हरवू नका, आमच्याकडे आता दुसरा शिल्लक नाही. आणि पुन्हा सुई घ्यायला अक्का तयार नव्हती. तिने पाटीवरच लिहून दिलं होतं, ‘परत टोचशात तर मी माका वाटात थंय जातलंय.’ म्हणजे तो ठोकळा सांभाळणं एवढंच माझं काम होतं.

सावंतवाडीचा कुरियरवाला चारला पार्सलं उचलतो. ठोकळा जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून मी साडेबाराला बांद्यात होतो, आणि तिथे एस.टी. बंद पडली. ऊन असं, की स्टँडवरचं बाकडं हाताला चटका देत होतं. मी डबा उघडून बघितला तर मेण बोटाला मऊ लागलं. (कदाचित बोटच घामाने मऊ झालं असेल, पण तेव्हा एवढा विचार कोण करतो!) समोर बाबली नावाच्या गृहस्थांचं सोड्याचं दुकान होतं. त्यांना हात जोडले, डबा फ्रिजमध्ये ठेवला, लिंबू सोडा घेतला. दोनच्या सुमारास दुसरी गाडी आली, कंडक्टर ओरडला, लोक धावले आणि त्यांच्याबरोबर मीही धावलो.

इन्सुलीला मांडीवर हात ठेवला, तर मांडीवर डबा नव्हता. गाडी थांबवून उतरलो, रिक्षा करून परत आलो, तर दुकान बंद. दुपारचे तीन. शेजारचा शिंपी शटर अर्धं ओढून आडवा झाला होता. तो आतूनच म्हणाला, “बाबली जेवूक गेलो. आता उठतलो तो चार वाजता.” त्याने दाखवलेल्या पाणंदीने मी निघालो. धावत निघालो, असं लिहितो, पण अडुसष्टाव्या वर्षी धावणं बघणाऱ्याला चालणंच वाटत असावं.

गिऱ्हाईक डबा विसरलं म्हणून बाबलींनी तो सांभाळून घरी नेला होता. आणि त्यांच्या पत्नी काशीबाई मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी बसल्या होत्या. डबा घासून पालथा घातलेला. ठोकळा त्यांच्या हातात.

“हो साबण खंयचो ओ?” त्यांनी मलाच विचारलं.

“साबण नाय तो, बाय! माझ्या भैणीच्या मानेतली गाठ आसा ती.”

बाईंचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो ठोकळा पदराने टिपला, डबा कोरडा करून त्यात ठेवला आणि नवऱ्याला हाक मारून उठवलं. बाबली डोळे चोळत आले, ऐकलं आणि स्कूटरची किल्ली घेतली. “काका, घट धरून बसा. चारच्या आदी पोचवतंय.” पोचवलं. चारला सात मिनिटं होती.

काल अहवाल आला. इंजेक्शन लागू पडेल का ते सांगणारा आकडा पस्तीस. डॉक्टर म्हणाले, चांगला आहे, भोवती लढणाऱ्या पेशीही बऱ्याच आहेत, येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी पहिलं इंजेक्शन देऊ. एकंदरीत मी वेळेवर पोचलो, हे बरं झालं. तू जपून राहा, चष्मा पुसत जा.

तुझा,
हरिकाका

ता. क. वेळेवर पोचलो, हे खरं नाही. मी पोचलो तेव्हा शर्टाची कॉलर घासून झाली होती. काशीबाई म्हणाल्या होत्या, “घासून घासून फेस येणा नाय.” हे मी प्रयोगशाळेला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. आता तो पस्तीस अक्काचा की काय ते मला कळत नाही. चुकीच्या आकड्यावर त्या सोमवारी तिला औषध दिलं तर? आणि खरं सांगितलं तर पुन्हा सुई. चार दिवस मला घास गिळत नाही. पत्र मिळताच फोन कर, तू बोल, मी अक्कासमोर नुसतं हं हं करीन. यासाठीच हे सगळं लिहिलं.

आणखी ता. क. भार्गवी, पाकीट चिकटवूक माझ्याकडे दिल्यान, म्हणान वाचलंय. साबणाचा माका त्याच दिवशी कळला. हरीन बाबलीक दिलेल्या नंबरार काशीबायन फोन केल्यान, रडत होती. काल दवाखान्यात हरी औषधा आणूक भायर गेलो तेव्हा डॉक्टराक मी पाटयेर लिवान इचारलंय. तुकडो मेणाच्या आत होतो, वरचा मेण गेला तरी काय बिघडाक नाय, तपासतत तेव्हा पयलो थर तेच काढून टाकतत. हरीक तू सांग, माझा तो ऐकाचो नाय.

आता माझा. डॉक्टर म्हणता, आकडो बरो असलो तरी सगळ्यांकाच गूण येणा नाय. तू रोज त्याच पेशी बघतंस. माका येतलो काय गो? माका भिया वाटता, पण हरीसमोर दाखवूक जमणा नाय. खरा काय ता माका लिही. त्याका बरा वाटात ता लिही. दोन पाकिटा कर.