तीन इंच आणि माझ्या पदरचं एक वाक्य

२७ मे १८८६, गुरुवार

हुकूम आला! सोमवारी एका दिवसात रूळ तीन इंच जवळ घ्यायचे — आमच्याच नाही, अमेरिकेच्या आख्ख्या दक्षिणेतले! मग उत्तरेच्या अरुंद रुळांवरची गाडी थेट आमच्या दारावरून. डबे उचलून चाकं बदलायची कटकट गेली एकदाची! आमच्या वाट्याला चार मैल.

ॲबसलमला हुकूम तीनदा वाचून दाखवला. नवरा माझा टोळीचा मुकादम, पण अक्षरशत्रू. हे फक्त मला ठाऊक. वर कळलं तर नोकरी जाईल, आणि हे कंपनीचं घरही. ऐकलेलं मात्र शब्द न् शब्द लक्षात ठेवतो.

‘पश्चिमेकडचाच रूळ सरकवावा, पूर्वेकडच्यास हात लावू नये.’ शेवटी मी पदरचं एक घुसडलं — ‘दुपारी माणसांना तासभर सावलीत बसवावे.’ नाहीतर हा बाबा जॉर्जियाच्या उन्हात स्वतःही मरेल, गड्यांनाही मारेल!

२९ मे

नवे खिळे आधीच ठोकून ठेवलेत. शेजारच्या टोळीचा मुकादम डनवे टोमणा मारून गेला, "टार्व्हर, गाडी आली तरी तू खिळेच उपटत बसशील!" ॲबसलम नुसता हसला. मला झोप येईल तर शपथ.

३१ मे, सोमवार

दिवा विझायच्या आत लिहून काढते!

पहाटेपासून घणांचा दणदणाट. दुपारी मक्याचा पाव आणि ताक घेऊन दोन्ही टोळ्यांच्या हद्दीवर गेले. आमचे गडी तासभर सावलीत बसले, तरी आमची टोळी पहिली पोचली! आणि — रूळ जुळेनात! डनवेने वळणापासून पाव मैल पूर्वेकडचा रूळ सरकवलेला.

"वळणावर आतलाच रूळ हलवतात! वीस वर्षं हेच करतोय मी. चूक तुझी!" डनवे गरजला.

"हुकूम पश्चिमेचा आहे."

तेवढ्यात सगळ्या टोळ्यांचे वरिष्ठ, रोडमास्टर प्रुएटसाहेब ट्रॉलीवरून उतरले. भडकलेले. "हुकूम मी स्वतः लिहिलाय. वाचता तरी का रे तुम्ही? टार्व्हर, वाच मोठ्यानं!"

मी ताकाचं भांडं घेऊन दोन पावलं पुढे सरले. ॲबसलमने खिशातून कागद काढला, समोर धरला आणि घडाघडा सुरू! एक शब्द चुकला नाही. डनवेचं तोंड एवढंसं झालं. आता थांब रे, थांब — पण गडी कुठला थांबतोय! "दुपारी माणसांना तासभर सावलीत बसवावे."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग ताकाचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"बरोबर आहे," एवढंच म्हणाले. डनवेने पाव मैल पुन्हा केला. पाचला गाडी धडधडत गेली, आम्ही सगळे घसा बसेपर्यंत ओरडलो! ॲबसलमने मला उचलूनच घेतलं. "कसा वाचला मी हुकूम?" शेवटचं वाक्य माझं होतं, हे त्याला सांगितलेलं नाही.

२ जून

हुकूम खरा कोण वाचतं ते साहेबांना कळलंय. नक्की कळलंय. गुपचूप ट्रंक भरायला काढली.

५ जून, शनिवार

नवा हुकूम आला, पुलाच्या दुरुस्तीचा. ॲबसलमला वाचून दाखवला, पण शेवटच्या ओळी आधी मनातच दोनदा वाचल्या —

‘दुपारी माणसांना तासभर सावलीत बसवावे. बाई, हे या वेळी मीच लिहिले आहे.’