सुई हलली तेव्हा

केंब्रिज, ४ फेब्रुवारी १९३७

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

तुझा केक पोचला आणि मित्रांनी निम्मा फस्तही केला. आता कामाचं. एक आयत चौरसांत कापायचा, पण त्यातले कुठलेच दोन चौरस सारखे नकोत. मी त्याचं विजेचं जाळं करतो. प्रत्येक चौरसाच्या जागी विजेला अडवणारा एकसारखा रोधक; त्यातून जितका प्रवाह, तितकी त्या चौरसाची बाजू. सोबतच्या नऊ रोधकांच्या जाळ्यावर माझी सारी भिस्त होती. पण गणित म्हणतं की मधल्या रोधकातून शून्य प्रवाह, म्हणजे तिथे चौरसच नाही. माझ्या समाधानासाठी तुझ्या रेडिओ कारखान्यात एकदा जोडून बघ. सत्र संपेपर्यंत काही दाखवलं नाही, तर सर मला गणितातून उठवून परत रसायनाकडे पाठवणार आहेत. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

लोभ आहेच, केक आला की वाढतो.

तुझा,
सिरिल

कॉव्हेंट्री, ११ फेब्रुवारी

चि. सिरिल यास,
अ. उ. आ.

जेवणाच्या सुट्टीत जाळं जोडलं. मधल्या रोधकावर मीटरची सुई हलली. थोडीच, पण हलली.

तू म्हणशील, ताईने बाद झालेले रोधक उचलले असतील. म्हणून चांगल्यातले नऊ निवडले आणि बारा वेळा त्यांच्या जागा आपसांत बदलल्या. दोष रोधकांचा असता तर सुई कधी इकडे, कधी तिकडे गेली असती. ती दर वेळी त्याच बाजूला, तेवढीच गेली. सात वर्षं मी हेच करते आहे, बाबा त्याला नुसतं सुईकडे बघत बसणं म्हणतात. फोरमनने विचारलं, हे कुठल्या रेडिओत बसतं? मी म्हटलं, माझ्या भावाच्या डोक्यात.

गणित पुन्हा करून बघ. एकालाच कॉलेजात धाडता येईल असं ठरलं, तेव्हा मी तुझं नाव पुढे केलं. रडलेही होते, तुला ते माहीत नाही. ते तू मध्येच हात टेकावेस म्हणून नव्हे.

आईची सर्दी बरी आहे. पायमोजे धुवत जा.

तुझी,
एनिड

केंब्रिज, २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका ओळीत अधिकच्या जागी मी वजा लिहिलं होतं. मधल्या रोधकातून एकचा प्रवाह जातो, म्हणजे तिथे एकचा चौरस. बाकीचे १८, १५, १४, १०, ९, ८, ७, ४. आयत तेहतीस बाय बत्तीस, आणि सगळे चौरस वेगळे.

प्लायवूडचे तुकडे कापून सरांच्या टेबलावर मांडले. ते फट शोधत राहिले, नख घालूनही पाहिलं. मग त्यांनी चहा मागवला आणि रसायनाचं नावही काढलं नाही. येत्या १ मार्चला गणित मंडळापुढे दाखवायचं आहे. तुकडे पाठवतो आहे, आईबाबांना दाखव आणि लगेच परत धाड. तू रडलीस हे मला खरंच माहीत नव्हतं.

तुझा,
सिरिल

कॉव्हेंट्री, २५ फेब्रुवारी

चि. सिरिल यास,
अ. उ. आ.

बाबांनी आयत तीनदा मोडून मांडला. मग विचारलं, ती सुई नेमकी किती हलली होती? मी बोटांनी दाखवलं. त्यावर ते उठले आणि शेजाऱ्यांना बोलावून आले.

सोबत आठच तुकडे आहेत. एकचा चौरस माझ्या एप्रनच्या खिशात आहे आणि तो तिथेच राहील. मंडळातले लोक मधल्या भोकाबद्दल विचारतीलच. तेव्हा त्यांना सांग, तो तुकडा कोणाकडे आहे आणि का.

तुझी,
एनिड