कराराचं कापड

मी, डॉर्लीन हाफटाउन, वय वर्षं सत्तेचाळीस, सेनेका राष्ट्राच्या बगळा कुळातली, राहणार जिमरसनटाउन, ॲलेगनी प्रदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी मला भरीला घातलेलं नाही की धमकावलेलं नाही. पोटातला आजार परत आला आहे आणि या खेपेला तो मुक्कामाला आला आहे, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून ही घाई.

माझ्या वकिलांनी बजावलं आहे की मृत्युपत्रात राग लिहू नये, त्याने वाद वाढतात. त्यांचा सल्ला मी शांतपणे ऐकून घेतला. आता माझं ऐका.

कलम १. मला आमच्या रीतीने पुरावं. दहाव्या दिवसाच्या जेवणाला मक्याचं सूप करावं. मका लाकडाच्या राखेत उकळून, साल सुटेपर्यंत टोपलीत धुऊन घ्यावा. डब्यातला मका वापरला तर मी उठून येईन.

कलम २. सुपाचं मोठं पातेलं, लाकडी डाव आणि मका धुवायची टोपली माझी शेजारीण गिनीव्ह क्राउस हिला द्यावी. गिनीव्हला खरं तर साक्षीदार व्हायचं होतं, म्हणजे सगळं आधी वाचायला मिळालं असतं. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मी तिला विचारलं, "सही की पातेलं?" ती म्हणाली, "झाकण आहे का त्याला?" झाकणही द्यावं. माझ्या सुपात मीठ जास्त असतं हे ती गावभर सांगत फिरली, ते मी विसरलेले नाही.

कलम ३. शेजारच्या गावातल्या इतिहास मंडळाला काहीही देऊ नये. त्यांच्या बाई तीनदा येऊन गेल्या. कराराच्या कापडाचा एक तुकडा त्यांना काचेच्या पेटीत, कराराच्या नकलेशेजारी मांडायचा आहे. बाई गोड बोलतात, येताना केक आणतात. पण काचेच्या पेटीत, "पूर्वी हे लोक असे असत," अशा पाटीखाली आमचा करार मला ठेवायचा नाही. तो संपलेला नाही. केक चांगला होता.

कलम ४. हे कापड काय आहे ते न्यायालयाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण माझ्या घरातल्याच एका माणसाला ते कळलं नाही.

इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या क्रांतीच्या लढाईत अमेरिकेच्या फौजेने आम्हा मूळ रहिवाशांची गावं, कणगीतला मका, फळांची झाडं, सगळं जाळलं. तेव्हापासून अमेरिकेच्या अध्यक्षाला आमच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ होतो, गावं उद्ध्वस्त करणारा. पहिल्याने ते कमावलं, पुढच्यांना आयतं मिळत गेलं. त्याच पहिल्याच्या कारकिर्दीत, सतराशे चौऱ्याण्णव साली, करार झाला: ही जमीन तुमची, आम्ही तिच्यावर हक्क सांगणार नाही, तुम्हाला तिथे त्रास देणार नाही, आपल्यात शांतता आणि मैत्री, आणि या मैत्रीची खूण म्हणून दर वर्षी तुम्हाला वस्तू पोचवू, कायमच्या.

ते कापड अजून येतं. कापडासाठी ठरलेल्या रकमेचा आकडा तेव्हाचाच आहे आणि कापडाचा भाव आजचा, म्हणून दर पिढीला तुकडा आखूड होत गेला. माझ्या आजीच्या वाट्याला फुलाफुलांच्या चिटाचा झगा होईल एवढं यायचं. आईच्या वाट्याला सदऱ्यापुरतं. माझ्या वाट्याला येतं त्या कोऱ्या मांजरपाटात उशीचा अभ्रा कसाबसा निघेल.

माझी आई अल्मा, हिने एकही तुकडा कधी वापरला नाही. हिवाळ्यात आमच्या बाह्या फाटलेल्या असायच्या, पण पेटीला हात लावायची सोय नव्हती. पेटीत उतरंड होती: सगळ्यात मोठे तुकडे तळाला, लहान वर. एका वर्षी वाटप करणाऱ्या नव्या कारकुनाने तिला भल्या मनाने विचारलं, "बाई, या चिंधीसाठी एवढ्या थंडीत उभ्या राहता? सरकार रोख देऊन एकदाच हिशेब मिटवायला तयार आहे म्हणतात."

आई म्हणाली, "काडीमोड देताना पैसे देतात, बाळा. आमचा अजून झालेला नाही. काप."

मागे उभ्या असलेल्या सगळ्या बायका हसल्या. मी तिच्या कोटाला धरून उभी होते. मला हसू आलं नाही, कारण त्याच वर्षी धरणासाठी आमचं घर रिकामं करायचं होतं. माझे वडील अमेरिकेच्या लष्करातून जर्मनीत लढून आले होते. धरणही त्याच लष्कराने बांधलं. नदीकाठचं आमचं घर त्यांनी पेटवलं तेव्हा वडील रस्त्यावर टोपी हातात घेऊन उभे होते, जशी मयताला धरतात. आईने घरातून पहिली बाहेर काढली ती पेटी. मग आम्ही पोरं. मग कोंबड्या. करार मोडला तो त्यांनी, आणि पुढच्या हिवाळ्यात आई पुन्हा रांगेत उभी होती. "त्यांनी शब्द मोडला म्हणून मी माझा सोडू?" असं ती म्हणायची. आईच्या पश्चात ती पेटी माझ्याकडे आली.

कलम ५. माझा थोरला भाऊ मर्ल हाफटाउन याला लाल-पांढऱ्या-निळ्या कापडाचं तोरण द्यावं. तोच त्याचा वाटा. दुसरं काही मागितलं तर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

गेल्या जूनमध्ये मी बफेलोला इस्पितळात होते. घराची किल्ली दादाकडे होती. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, माझी भाची शेला मला घरी आणत होती आणि मिरवणुकीमुळे गाडी शेजारच्या गावात चौकापाशी अडकली. ते गाव आमच्याच जमिनीवर भाडेपट्ट्याने उभं आहे, हे मिरवणुकीत कोणी बोलत नाही. चौकातल्या चौथऱ्यावर शाळेचे जुने मुख्याध्यापक दर वर्षीप्रमाणे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचत होते. चौथऱ्याभोवती लाल, पांढरं, निळं तोरण झालरीसारखं लावलेलं होतं.

शेला म्हणाली, "धाकटी आई, ते कापड बघ." आमच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात.

मी बघितलं. लाल रंगाखाली चिटाची फुलं दिसत होती. माझ्या आजीच्या वाट्याची फुलं.

मुख्याध्यापक त्याच वेळी त्या ओळीवर आले होते, जिथे इंग्लंडच्या राजाने वसाहतींवर निर्दय रानटी इंडियन, म्हणजे आम्ही, सोडले अशी तक्रार आहे. त्यांचा आवाज भारदस्त आहे, शब्द अन् शब्द ऐकू येतो. आणि त्या ओळीखाली, त्या कापडाशेजारी, माझा भाऊ व्हिएतनामची पदकं लावून ताठ उभा होता, हात कपाळाला.

शेला म्हणाली, "तू गाडीतच बस." मी बसले नाही. पोटाचे टाके धरून उतरले.

"दादा, हे कुठून आणलंस?"

"तू कशाला उतरलीस? डॉक्टरांनी..."

"कुठून आणलंस?"

"पलंगाखालच्या पेटीतलं. नुसतं पडून होतं गं. न्यूयॉर्कचे ते मनोरे पडल्यापासून बाजारात झेंडे मिळत नाहीत, तोरणं मिळत नाहीत. माजी सैनिकांच्या बैठकीत विषय निघाला, मी म्हटलं, मी देतो. रंगवायला दोन दिवस लागले. सरकारनेच दिलेलं कापड, सरकारच्याच सणाला लावलं. आईला आवडलं असतं."

"आईला?"

"शूर लोकांसाठी लावलंय, डॉर्लीन. आपलेही गेलेत ना लढायला? मी गेलो, बाबा गेले. आपल्याकडून काहीतरी दिसायला नको?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला अजून त्याच्याकडे बघवत नाही. चोरी केली असती तर मी त्याला कधीच माफ करून टाकलं असतं. त्याने प्रेमाने केलं. आईने फाटक्या बाह्यांच्या पोरांना जे घालू दिलं नाही, ते त्याने बादलीत बुडवलं आणि त्या ओळीखाली बांधलं.

कार्यक्रम संपल्यावर शेला चौथऱ्यावर चढली आणि तोरण सोडवू लागली. लोकांना वाटलं, मदतीला आलेली मुलगी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन म्हातारे माजी सैनिक पुढे आले आणि झेंड्याची घडी घालतात तशी तिला त्रिकोणी घडी घालून द्यायला लागले. "कोपरा घट्ट धर, बेटा." शेलाने कोपरा घट्ट धरला. घडी पुरी झाल्यावर म्हाताऱ्याने तिला सलाम केला. ती काय करणार? तिनेही केला.

कलम ६. जिमरसनटाउनचं माझं घर, त्याखालची जागा, सामानसुमान आणि आईच्या मृत्यूनंतर माझ्या वाट्याला आलेले, कपाटात सुखरूप असलेले न रंगवलेले तुकडे माझी दिवंगत बहीण रोवीना हिची मुलगी शेला पिअर्स हिला द्यावेत. अट एकच: शेलाने दर वर्षी स्वतः रांगेत उभं राहून आपलं कापड घ्यावं. एक वर्ष जरी चुकलं, तर घर कुळातल्या इतर बायकांकडे जावं.

ही अट मी का घातली तेही लिहिते. शेला लष्करात भरती झाली आहे. मार्चमध्ये इराकवर बाँब पडायला लागले आणि एप्रिलमध्ये ती सही करून आली. मी म्हटलं, "वा. करारात शांतता आणि मैत्री लिहिलंय. मैत्री म्हणजे त्यांनी हातभर मांजरपाट पाठवायचं आणि आपण पोरं."

ती म्हणाली, "मला ट्रक दुरुस्त करायला शिकवणार आहेत. इथे कोण शिकवतंय?"

मला ती परत यायला हवी आहे. दुसरी कुठली दोरी माझ्याकडे नव्हती, म्हणून घराची केली.

कलम ७. माझी जुनी पिकअप गाडी ज्याला सुरू करता येईल त्याला द्यावी.

कलम ८. कलम ६ मधली अट मी रद्द करत आहे. आधीची पानं फाडून नवी लिहावीत असं वकील म्हणतात. मी फाडणार नाही. काय लिहिलं होतं ते दिसू दे.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी शेलाने ही पानं वाचली. अर्धी भाकरी तशीच राहिली.

"म्हणजे मी वाळवंटात असताना एक हिवाळा चुकला, तर घर गेलं?"

"हो."

"आजीच्या घराला त्यांनी काय अट घातली होती?"

"अट कसली? तारीख घातली होती. त्या तारखेच्या आत निघा म्हणून."

"मग तू बरी," शेला म्हणाली. "तू दर वर्षी एक संधी तरी देतेस."

ती भांडली नाही. बशी धुतली, माझ्या गोळ्या मोजून ठेवल्या, पाठीमागची उशी सारखी केली आणि बाहेर जाऊन पिकअपखाली शिरली. खिडकीतून मला तिचे नुसते बूट दिसत होते. तिचं लहानपणी अंगाई म्हणून थोपटलेलं अंग मला आठवत होतं आणि त्याच अंगाभोवती मी काय बांधायला निघाले होते तेही दिसत होतं. आयुष्यभर ज्यांच्यावर चिडले त्यांची कागद करायची रीत माझ्या हाताला लागली होती.

घर शेलाचं आहे. ती रांगेत उभी राहो, न राहो. परत येवो, बसरा किंवा बफेलोला संसार मांडो. घराला कुलूप लावून ती वर्षानुवर्षं आली नाही, तरी ते तिचंच. कोणालाही, कोणत्याही कारणाने, ते तिच्याकडून काढून घेता येणार नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं आहे. करारातही जवळजवळ असंच वाक्य आहे. या खेपेला ते पाळलं जावं, एवढ्यासाठी न्यायालय आहे.

आणि कापड. कापड आणणं हा त्यांनी दिलेला शब्द आहे. मी मेल्यावर माझा वाटा बंद होईल, ते मला मान्य आहे. शेलाचा होणार नाही. त्यांच्याच गणवेशात ती त्यांच्याच लढाईत असेल, म्हणून तिचा तुकडा त्यांनी वाटपाच्या गाडीतच ठेवू नये. तिचं नाव पुकारावं.

कलम ९. मर्ल हाफटाउन यास.

दादा, शेला इथे नसेल त्या प्रत्येक वर्षी तू रांगेत उभा राहशील. पदकं लावायची नाहीत. टोपी घालायची, कारण कानाला थंडी लागते तुझ्या. शेला पिअर्स हे नाव पुकारलं की मोठ्याने "आहे" म्हणायचं. कारकून म्हणेल की ती दिसत नाही. तू म्हणायचं, "आहे. काप." घेतलेला तुकडा न धुता, न रंगवता कपाटात ठेवायचा.

हा वाटा नाही, शिक्षा आहे. आणि ती दुसऱ्या कोणाला देण्याइतका माझा कोणावर विश्वास नाही. एवढं केलंस म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. तो मी बरोबर नेत नाही. तो घरासोबत शेलाच्या नावावर ठेवून जाते, बिनशर्त.

वरील सर्व मी शुद्धीत लिहिलं, वाचलं आणि पुन्हा वाचूनही बदललं नाही. खोडाखोड माझीच आहे.

सही: डॉर्लीन हाफटाउन
जिमरसनटाउन, ॲलेगनी प्रदेश, सेनेका राष्ट्र
९ मे २००३

आमच्यासमोर तिने सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: लायमन रेडआय, स्टीमबर्ग
साक्षीदार २: कोरीन जॉन, जिमरसनटाउन