वय वर्षे बावन्न

उज्जैन
१७ फेब्रुवारी १९५७

प्रिय बापू,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने पडला. खोडणार होते, पण छत्तीस वर्षं शाळेत पोरींना खाडाखोड करू नका म्हणून ओरडले, आता स्वतःच कशी करू? राहू दे तसाच. तुझं पत्र पोचलं. येत्या रविवारी तू इंदूरहून लॉरी घेऊन येणार, मी सामान बांधून तयार राहायचं, पलंग मोठा आहे तो इथेच कुणाला तरी देऊन टाकायचा, आणि फंडाचे पैसे पोलक्याच्या आत जपून आणायचे. वा रे वा! पलंग माझा, फंड माझा, पोलकं माझं, आणि हुकूम तुझे. धाकट्या भावाने बहिणीला असं लिहावं, आणि वर 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणावं! शाळेची ही खोली महिनाअखेर खाली करायची आहे, हे खरं. पण म्हणून मी रस्त्यावर पडले, असं तुला कुणी सांगितलं?

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीची दिवाळी आठव. तुझ्याकडे फराळाला बसलो होतो, आणि नोकरी संपल्यावर मी काय करणार ते मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. भैरवगढला कापड छापणाऱ्या छीप्यांच्या वस्तीत दोन खोल्या. आतून कडी लावता येईल असं स्वतःचं दार. अंगणात कापड छापायचं एक मेज, कारण मला त्या लाकडी ठशांचा नाद लहानपणापासून आहे. आणि वर्षातून एकदा माझ्या शाळेतल्या चारुलताबरोबर प्रवास, पहिल्यांदा समुद्र. मनात आलं तर स्वयंपाक, नाहीतर दूधपोहे खाऊन झोप. तू हसलास. तुझी शोभा तर हातातला लाडू ताटात ठेवून हसली. विधवा बाईने समुद्र कशाला बघायचा, गंगा बघावी, असं काहीसं तू बोललास. मीही हसले तेव्हा. तिथेच चुकलं माझं. मी थट्टा करत नव्हते रे. मी ठरवलं होतं, पंचावन्न पुरी होईपर्यंत, म्हणजे १९५९ संपेपर्यंत नोकरी. शेवटच्या तीन वर्षांच्या पगारातून घर, आणि फंडाला हात न लावता तो म्हातारपणाला. त्यासाठी दहा वर्षं मी टांग्याला पैसे घातले नाहीत. देवास गेटपासून शाळेपर्यंत भर उन्हात पायी. लोक म्हणायचे बाई कंजूस आहेत. म्हणोत बापडे.

मग मध्य भारत मोडून नवा मध्यप्रदेश करायचं निघालं. सगळ्यांची जुनी दफ्तरं तपासायला काढली, आणि गेल्या जुलैत माझ्या हातात कागद पडला. जन्म डिसेंबर १९०१, तेव्हा १९५६च्या डिसेंबरअखेर निवृत्त. मला आधी हसूच आलं. म्हटलं, कुणा बाबूची गलती. चारुलता गणिताची बाई, तिने मला हाताला धरून दफ्तरात नेलं. तिथे माझं सर्विस बुक उघडलं, तर आत तात्यांचं अक्षर. आपल्या वडिलांचं. वळणदार, सुंदर, आणि तीन वर्षं खोटं. बापू, आपल्या घरात वय म्हणजे पत्रिकेतलं वय. फॉर्मवरचं वय फॉर्मपुरतं, ते कुणी मनावर घेत नाही. छत्तीस वर्षांत मला ते पुस्तक एकदा उघडून पाहावंसं वाटलं नाही. पोरींना शहाणपण शिकवणारी मी, अक्कल ही अशी!

तरी रस्ता होता. दफ्तरातले साहेब भला माणूस. म्हणाले, बाईजी, असली पत्रिका लाओ, एकतीस ऑक्टोबरच्या आत, नवं राज्य सुरू व्हायच्या आधी, मी वर पाठवतो. तात्या गेल्यापासून त्यांची पत्र्याची ट्रंक तुझ्याकडे. मी तुला तीन पत्रं घातली. पहिल्याला तू लिहिलंस, शोधतो. दुसऱ्याला लिहिलंस, ट्रंकेची किल्ली सापडत नाही. तिसऱ्याला लिहिलंस, पत्रिका उंदरांनी खाल्ली, देवाची इच्छा समज, आता आमच्याकडेच येऊन राहा. मी ते पत्र वाचून रडले. तुझ्यावर नाही हं, उंदरांवर. चारुलताला म्हटलं, माझ्या भावाला किती वाईट वाटलंय बघ.

कार्तिकाच्या जत्रेला तुझी जयू आली. बसमधून उतरली ती थेट माझ्या खोलीवर, जत्रेचं नावही काढीना. पिशवीतून गुंडाळी काढून तिने माझ्या मांडीवर ठेवली. माझी पत्रिका. अख्खी. कोपऱ्यांना हळद तशीच. उंदराचा एक दात नाही लागलेला! पोरगी मान खाली घालून म्हणाली, आत्या, बाबांच्या टेबलाच्या खणात होती, नव्या घराच्या नकाशाखाली. त्या नकाशात स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, तिच्यावर तू 'अक्का' लिहिलं आहेस, आणि वरच्या मजल्यावर 'अक्काचा फंड'. जयूला यावरून एक शब्द बोललास तर याद राख. तुझ्या घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस आहे.

मी तशीच पत्रिका घेऊन दफ्तरात पळाले, एका पायातली वहाण सैल. साहेब म्हणाले, बाईजी, तारीख तो निकल गई. पंधरा-वीस दिवसांसाठी, बापू! तीन वर्षांचा पगार गेला, ठरवलेलं सगळं आयुष्य उलटंपालटं झालं, आणि कशासाठी? तर शोभाचे गुडघे दुखतात, पोळ्या लाटायला घरचं माणूस हवं, आणि वरचा मजला बांधायला पैसे हवेत. तसं मागितलं असतंस तरी मी काही दिलं असतं. आजवर काय दिलं नाही? पण तू मागितलं नाहीस. तू माझी पत्रिका दाबून बसलास. संताप संताप झाला. सणासुदीचे दिवस, घरात जयू, म्हणून तोंड बंद ठेवलं. नाहीतर तशीच इंदूरला येऊन तुझ्या दारात उभी राहून ओरडले असते.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला कधीच सांगितली नव्हती. तात्यांनी ते खोटं वय का लिहिलं, हे मला ठाऊक होतं. नोकरीचा फॉर्म भरताना मी तिथेच उभी होते. मला वाटलं, नोकरी मिळण्यापुरतं लिहिताहेत, झालं; पुढे विसरूनही गेले. मी पंधरा वर्षांची, कपाळ पांढरं होऊन दोन वर्षं झालेली. तात्यांची नजर अधू झाली म्हणून कारकुनी सुटली होती. तू दहा वर्षांचा, आणि तुला इंदूरच्या शाळेत घालायचं, बोर्डिंगात ठेवायचं, हे त्यांचं एकच म्हणणं. अठराच्या आतल्या मुलीला नोकरीत घेत नव्हते. म्हणून कागद डोळ्यांना चिकटवून तात्यांनी मला तीन वर्षांनी मोठी केली. माझ्या पहिल्या पगाराची मनिऑर्डर तुझ्या बोर्डिंगात गेली. त्याचं मला तेव्हाही दुःख नव्हतं आणि आजही नाही, खरंच नाही. पण ती तीन वर्षं तुझ्यासाठी एकदा जाऊन झाली होती रे. तू तीच पुन्हा घेतलीस.

तेव्हा ऐक, हे पत्र का लिहिलं ते. लॉरी आणू नकोस. फंड परवाच्या सोमवारी मिळाला आणि बुधवारी मी तो खर्च करून टाकला. भैरवगढला दोन नाही, एकच खोली आणि अंगण झालं. बाजूची खोली चारुलताने घेतली. समुद्र लांबला, पण तो काही सुकत नाही. पलंग दारातून आत जाईना, छीप्याच्या घरच्या लोकांनी चौकट काढून आत घेतला. शेजारी तुरुंग आहे म्हणून तू नाक मुरडशील, तर तुझ्या स्वयंपाकघराला लागून असलेली खोली मला त्याहून जवळचा तुरुंग झाली असती. राग गेला की भेटायला ये. माझा गेला की, तुझा नाही. दार वाजव, आतून कडी असेल. जयूला मात्र वाटेल तेव्हा पाठव, ठशांवर तिचा हात चांगला बसतो. आणि हो, रजिस्ट्रीच्या बाबूने लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, बाईजी, उमर?  म्हटलं, बावन्न. त्याने लिहिलं. सरकारच्या कागदावर पहिल्यांदा खरं.

तुझीच,
वय वर्षे बावन्न,
अक्का