ब्रेकमधली हवा

४ मार्च, रविवार

सौ. आज सकाळी तिच्या ताईकडे गेली. हवापालट म्हणून. आठवडाभर राहील असा माझा अंदाज आहे. सोडायला मीच जाणार होतो, पण माझे हात ग्रीसने भरलेले आणि तिने टॅक्सी आधीच बोलावून ठेवलेली. गाडीचे ब्रेक हल्ली जरा विचार करून लागतात, त्यामुळे टॅक्सी बोलावली हे बरंच झालं. सामान: दोन बॅगा, स्वतःची उशी आणि हिवाळ्याचे सगळे कपडे. मार्च महिन्यात हिवाळ्याचे कपडे! पॅकिंगचं डोकं तिला पहिल्यापासून नाही.

संकल्प: आठवड्याच्या आत ब्रेकचं काम घरच्या घरी उरकायचं. पुढच्या रविवारी गाडी घेऊन तिला आणायला जायचं. बसने अजिबात जायचं नाही. बसने गेलं की माणूस मनधरणी करायला आल्यासारखा दिसतो. गाडीने गेलं की सहज इकडून चाललो होतो असं म्हणता येतं.

५ मार्च, सोमवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ब्रेकच्या कामाचा आकडा सांगितला. मी हसलो. तो हसला नाही.

त्याला काय ठाऊक, पंख्यांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये माझी उभी हयात गेली. हजारो पंखे मी नुसत्या आवाजावरून रिजेक्ट केले आहेत. गाडी आमच्या मुलापेक्षा थोडीशीच लहान आहे आणि मुलापेक्षा माझं जास्त ऐकते. येताना चाकातल्या ब्रेक-सिलिंडरचे रबर आणि ब्रेक ऑइलचा डबा घेतला. पैसे वाचले. त्या पैशात तिच्यासाठी काहीतरी घ्यावं. काय, ते नंतर ठरवू.

७ मार्च, संध्याकाळ

मागचं डावं चाक उघडलं. नट हलेना. पान्यावर उभा राहिलो. नट सुटला, पाठोपाठ मीही सुटलो. गुडघा सोलपटला. घरात मलम कुठे असतं हे विचारायला हाक मारली. मग आठवलं. टूथपेस्ट लावली, थंड वाटतं.

रबर बदलले. सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. एक वॉशर उरला. कंपनीवाले एखादा जादाच देत असावेत.

८ मार्च

पेडल दाबलं, थेट तळाला गेलं. घाबरण्यासारखं काही नाही. पाइप उघडला की आत हवा शिरते. ती काढावी लागते एवढंच.

पद्धत सोपी आहे. एकाने सीटवर बसून ब्रेक दाबायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन त्याच्या मागचं हवा सोडायचं निपल उघडायचं, हवा गेली की बंद करायचं, मगच पहिल्याने पाय सोडायचा. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. चारही चाकं. दर वर्षी आम्ही हे करतो. सौ. सीटवर बसते, मांडीवर लायब्ररीचं पुस्तक. मी खालून सांगतो, ती वरून दाबते. तिला त्यात काही करायचं नसतं. कोणीही करेल.

११ मार्च, रविवार

जाता आलं नाही. फोन करून सांगितलं की कामाला अजून एक आठवडा लागेल. ती म्हणाली, बरं. कसलीही कटकट नाही. लांब राहिल्याने स्वभाव निवळतो हे खरं.

१३ मार्च

कोणाचंही सहकार्य न घेता काम करायचं ठरवलं. पेडल दाबलं, उतरलो, गाडीला वळसा घालून पळत चाकापाशी गेलो. तोवर पेडल आपलं पुन्हा वर. पुन्हा दाबलं, जास्त जोरात पळालो. पेडल त्याहून जोरात.

मग झाडूचा दांडा. एक टोक पेडलवर, दुसरं सीटला टेकवलं, सीट पुढे सरकवून घट्ट अडकवलं. कल्पना उत्तम होती. खाली जाऊन निपल उघडलं, पेडल खाली बसलं, दांडा निसटून स्टिअरिंगमध्ये असा अडकला की हॉर्न वाजायला लागला, आणि वाजतच राहिला. आजूबाजूच्या खिडक्या पटापट उघडल्या. मी गाडीखालून हात हलवून सगळं ठीक असल्याचं कळवलं.

१६ मार्च

शेजारचे शिंपीकाका मदतीला आले. आपण होऊन. त्यांना बोलवायचं माझ्या मनात आलं होतंच, पण मी कोणापुढे तोंड वेंगाडणारा माणूस नव्हे. फक्त तीनदा त्यांच्या दारावरून गेलो.

हिशेब असा की, शिलाई मशीनवर पाय चालवण्यात त्यांचा जन्म गेला. पेडलला त्यांच्यासारखा पाय दुसरा कुठला? त्यांना सगळं समजावलं. दाब, धर, सोड. त्यांनी मान डोलावली. मी खाली शिरलो, दाब म्हणालो, आणि काकांनी जी मशीन सुरू केली ती थांबेचना. खटखटखटखट. मी धर धर ओरडतोय, ते चादरीला टीप मारावी तसे सुटलेले. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल सगळं संपलं. त्यातलं बरंचसं माझ्या बाहीवर आणि उरलेलं कानात. टाकी रिकामी, म्हणजे आता चारही चाकांत नव्याने हवा. होती त्याच्या चौपट.

काका ओशाळले. म्हणाले, साहेब, पायाला थांबून राहायची सवयच नाही हो. मग माझी बाही बघून म्हणाले की शिवण उसवलीय. शर्ट घेऊन गेले, धुऊन, शिवून, इस्त्री करून आणून दिला. चहा झाला. वहिनी कधी येणार, त्यांनी विचारलं. रविवारी, मी म्हणालो. कुठल्या रविवारी, हे त्यांनी विचारलं नाही.

२० मार्च

जेवणाच्या टेबलावर पाने-पकडी आणि ब्रेकचे शू पसरलेत, म्हणून आज गाडीत जेवलो. ब्रेड, अंडं, टोमॅटो. शेजारच्या सीटवर ताट ठेवलं. सोयीचं पडतं. काचा बंद केल्या की बाहेरचा आवाजही येत नाही. घरात तरी कुठे आवाज असतो म्हणा.

टोमॅटो आंबट निघाले असं कोणाला तरी सांगत होतो, हे ध्यानात आल्यावर उतरलो.

२५ मार्च, रविवार

मुलाचा फोन. बाबा, तुम्ही बसने का जात नाही, म्हणाला. मी त्याला बसचे तोटे समजावून सांगितले. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, आई तिथे रोज सकाळी पोहायला जाते, तुम्हाला माहीत आहे ना?

माहीत आहे, म्हणालो. माहीत नव्हतं. लग्न झाल्यापासून मी तिला घोट्याच्या वर पाण्यात उतरलेलं पाहिलेलं नाही. पोहण्याच्या तलावाची वर्षाची फी भरलीय म्हणे. वर्षाची एकदम भरली की स्वस्त पडत असणार. काटकसर तिच्या अंगात मुरलेली आहे. माझ्यामुळेच.

मुलगा पुढे काहीतरी म्हणणार होता, आई म्हणत होती की, असं म्हणून थांबला. मी विचारलं नाही. नेटवर्क खराब होतं.

१ एप्रिल, रविवार

विचार केला, चार पावलं हळूहळू गाडी चालवून बघावी. हँडब्रेक आहे की. फाटकापर्यंत जायचं, थांबायचं, मागे यायचं. फाटकापर्यंत जाण्याचा भाग उत्तम झाला.

गाडीला खरचटलंसुद्धा नाही. फाटक जुनंच होतं आणि तसंही ते बदलायला झालं होतं. शिंपीकाका धावत आले. आम्ही दोघांनी मिळून ते भिंतीला टेकवून ठेवलं. घर आता मोकळंढाकळं दिसतं. कोणीही सरळ आत येऊ शकतं. आलं कोणी नाही.

३ एप्रिल

झोप येईना म्हणून लिहितोय. जाताना सौ. काय म्हणाली ते त्या दिवशी लिहायचं राहून गेलं. मी मागच्या चाकापाशी गाडीखाली होतो. ती गाडीपाशी येऊन उभी राहिली, मला फक्त चपला दिसत होत्या. मी म्हणालो, जायच्या आधी दोन मिनिटं पेडलवर पाय ठेवतेस का. त्यावर ती म्हणाली, "तुम्हाला माझा पाय लागतो. मी नाही."

मला नीट ऐकू आलं नाही. म्हणजे आलं. पण तेवढ्यात टॅक्सी आली होती, आणि गाडीखालून उत्तर तरी काय देणार माणूस? बाहेर येईपर्यंत चपला गेल्या होत्या.

प्रवासाला निघताना माणसं काहीबाही बोलतात.

८ एप्रिल, रविवार

आज मोठं पाऊल उचललं. फोन करून सरळ सांगायचं ठरवलं: घरी ये, मला करमत नाही. एवढंच. बाथरूमच्या आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा चांगलं जमलं, आवाज भरून आला होता.

फोन ताईंनी उचलला. माझा आवाज ऐकून, बोलावते, म्हणाल्या, आणि बराच वेळ लांबून दोघींचं काहीतरी बोलणं ऐकू येत राहिलं. मग ती आली. मी म्हणालो, ब्रेकचं काम अडलंय, पेडल दाबायला कोणी नाही, दोन तासांसाठी येशील का.

कसं झालं कळलं नाही. तोंडातून तेच आलं.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "एकट्यानेच हवा काढता येते, तसलं एक साधन मिळतं. मी बघते आणि पाठवते."

बोलणं एकंदरीत चांगलं झालं. गाडीबद्दल तिला अजून आस्था आहे. करमत नाही हे पुढच्या वेळी सांगू.

१२ एप्रिल

पार्सल अजून नाही. एक शक्यता लक्षात आली. ती स्वतःच घेऊन येत असेल. पुष्कळ माणसं पाठवते म्हणतात आणि दारात येऊन उभी राहतात. गंमत म्हणून.

टेबलावरचे पाने उचलले. चादर बदलली. बाथरूम घासलं. तिच्या बाजूचं कपाट उघडून हवा खेळू दिली. एवढं रिकामं असेल असं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल, रविवार

बस सकाळी येते, दुपारी येते आणि संध्याकाळी येते. तिन्ही वेळा फाटक नसलेल्या जागी उभा राहिलो. शिंपीकाकाही थोडा वेळ येऊन थांबले. कोणाची वाट बघतोय, हे त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी, आमच्याकडे जेवायला चला, म्हणाले. मला भूक नव्हती. होती, पण त्यांच्याकडे माणसं फार आहेत.

१७ एप्रिल

पार्सल आलं. पोस्टमनने सही घेतली. एक पारदर्शक नळी, एक प्लास्टिकची बाटली आणि मधे छोटासा व्हॉल्व्ह. हवा आणि तेल बाहेर जातं, परत आत येत नाही. साधी गोष्ट आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, दुसऱ्या व्यक्तीची गरज नाही.

पाठवणारीच्या जागी तिने माहेरचं आडनाव लिहिलंय. ताईंनी लग्न केलं नाही, त्यांच्या दारावर तेच आडनाव आहे, म्हणून असेल. पोस्टातली माणसं गोंधळतात एका पत्त्यावर दोन आडनावं बघून.

काम दुपारच्या आत झालं. नळी लावायची, निपल सैल करायचं, आरामात जाऊन पेडल दाबायचं, येऊन बाटलीतले बुडबुडे बघायचे. पळापळ नाही, ओरडाओरड नाही. चारही चाकं. पेडल दगडासारखं झालं. फिरवून आणली, नाक्यावर ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. क्वालिटी कंट्रोलवाल्याने स्वतः पास केलेलं काम. इतके चांगले ब्रेक आम्ही दोघं मिळून करायचो तेव्हाही कधी लागले नव्हते. ते लक्षात आल्यावर परत आलो आणि गाडीतच बसून राहिलो.

संध्याकाळी फोन केला. ती म्हणाली, बरं झालं. मी म्हणालो, येत्या रविवारी गाडी घेऊन येतो तुला न्यायला. ती म्हणाली, नको.

मग मी म्हणालो. आरशासमोर म्हटलं होतं तसं नाही, आवाज भलताच लागला, पण म्हणालो. "मला घरी करमत नाही गं."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला कळलं असतं, ते मला ओळखता येतं. लहान मुलाशी बोलावं तसं हळू म्हणाली, "मला इथे करमतं हो."

ताईंनी तिला जेवायला हाक मारली, ती येते म्हणाली, आणि मी फोन ठेवला.

१८ एप्रिल

ब्रेक उत्तम. उद्या क्लच उघडावा म्हणतो. क्लचला काही झालेलं नाही.