अटकेचा रिकामा रकाना

ती. दाजी यांस,

शिरस्त्राण सारखं नाकावर घसरत असल्यामुळे एका हाताने ते सावरून उरलेल्या एका हाताने केलेला नमस्कार. पत्रास कारण की मी भयंकर संतापलेलो आहे. तरी रीत म्हणून विचारतो, ताईचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? (उत्तराची घाई नाही. तो खोकला भाषणाच्या आड कधी येत नाही हे मी अनुभवाने सांगू शकतो.) माझी प्रकृती ठीक. पायाला फोड, कानात धूळ आणि डोक्यात राख, बाकी काही नाही.

शाळेच्या पटांगणात खुर्चीवर चढून "घरटी एक माणूस!" असं तुम्ही ओरडला होतात, ते आठवत असेलच. गावाने टाळ्या वाजवल्या आणि गाव जेवायला घरी गेलं. नावं दिली दोघांनीच. एक तुमच्या चिरंजीवांनी, कारण हेडमास्तरांचा मुलगा मागे राहिला तर लोक काय म्हणतील, आणि दुसरं मी, कारण ताई रडत म्हणाली, "तू मामा आहेस, तू सोबत जा." गेलो सोबत. भरतीच्या टेबलावरच्या माणसाने त्याला डावीकडच्या गाडीत बसवलं आणि मला, मूळचा पोलीस म्हणून, उजवीकडच्या. म्हणजे सोबत एकंदर सव्वा तास झाली. तुम्ही शाळा सांभाळायला गावातच राहिलात, ते बरंच केलंत म्हणा, नाहीतर टाळ्या कुणी सुरू केल्या असत्या?

इथे मला एका चौफुलीवर उभं केलंय. दिवसभर फौजेच्या गाड्या जातात. दोन्ही हातांनी गाड्या थांबवायच्या आणि अधिकारी दिसला की सलाम ठोकायचा, तो कुठल्या हाताने हे नियमावलीत दिलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी नऊ शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. आपल्या गावच्या सवयीने मी तिच्यासाठी सगळं थांबवलं. त्या सगळ्यात एका ब्रिगेडियरची जीप होती. सातवी शेळी जीपसमोर बसली ती उठेचना, आणि ब्रिगेडियरसाहेब मला जे बोलले ते बोलणं मी चौदा वर्षांच्या नोकरीत चोरांच्या तोंडूनसुद्धा ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या कप्तानाने (वय चोवीस, मिशा उसन्या आणल्यासारख्या) मला समोर उभं करून वाहतूक म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवलं. फळ्यावर शेळी नव्हती.

पण खरा संताप पुढे आहे. लष्करी पोलिसाचं दुसरं काम म्हणजे पलटणीतून न सांगता निघालेल्या शिपायांना पकडणं. त्यासाठी एक छापील तक्ता असतो आणि त्यात अटकेचा रकाना. कप्तान दर सोमवारी तो रकाना बघतो आणि माझा रकाना दर सोमवारी रिकामा. आता तुम्हीच सांगा, गावात मी चौदा वर्षांत किती अटका केल्या? चार. त्यातला एक माणूस दोनदा, आणि तोही दुसऱ्यांदा स्वतःच्या बायकोला चुकवायला आपणहून आला होता. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. माणसाला चौकीत बसवायचं, चहा द्यायचा, कुणाचा कोण ते विचारायचं, पोटभर शिव्या द्यायच्या आणि घरी पाठवायचं. इथेही तेच केलं. पास नसलेला शिपाई सापडला की खोक्यावर बसवायचा, त्याच्याकडून आईला चार ओळी लिहून घ्यायच्या आणि शिधा नेणाऱ्या गाडीत घालून पुन्हा पलटणीकडे रवाना करायचा. असे अकरा जण झाले. तक्त्यात लिहिलं असतं तर अकराही जण आज तुरुंगात असते.

हे कळलं कसं? एका पलटणीच्या सुभेदाराने भला माणूस म्हणून आभाराचं पत्र पाठवलं, की आपल्या पोलिसाने आमचा शिपाई सुखरूप परत धाडला. कप्तानाने ते माझ्यासमोर फडकावलं. मी गप्प बसावं की नाही? पण कौतुक झालं की माझी जीभ सैल सुटते. छाती पुढे काढून म्हणालो, "एकच काय साहेब, अकरा धाडलेत!" कप्तानाचे कान लाल झाले. नावं विचारली. दहांची धडाधड सांगितली. दहाही जण आपापल्या जागी हजर निघाले. अकराव्याला मी अडखळलो, नाव सांगता येईना. अकरावा पोचलेला नाही. शुक्रवारी चौकशी आहे. तोवर तो हजर झाला नाही तर पळपुट्याला मदत केल्याबद्दल माझा पट्टा उतरणार आणि मी आत जाणार. कोठडीच्या बाहेर उभं राहून आयुष्य काढलं, आता दाराच्या पलीकडच्या बाजूने कडी कशी दिसते ते बघेन. त्या अकराव्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण ही दोन पानं आमचा टपाल तपासणारा कारकून वाचतो. (कप्तानाबद्दलचा मजकूर तो खोडत नाही, मोठ्याने वाचून दाखवतो.)

ताईला नमस्कार. तुम्हालाही, नाइलाजाने.

आपला मेहुणा

ता. क. पाकिटावर तपासणीचा शिक्का बसला. टपालाची थैली स्टेशनवर मीच नेतो, म्हणून ही चिठ्ठी आत सरकवतोय. अकरावा तुमच्याकडे आहे. माळ्यावर असणार. "मामा, फक्त एक दिवस आईला भेटून येतो," म्हणाला आणि माझं डोकं चालेनासं झालं. त्याला आज बारा दिवस झाले. गुरुवारी दुपारपर्यंत तो आपल्या पायाने हजर झाला तर आठवडाभर खंदक खणायला लावतील आणि प्रकरण मिटेल. नंतर सापडला तर दोघेही गेलो. ताबडतोब पाठवा. टाळ्यांचा हिशेब मी परत आल्यावर करीन.

ता. क. दुसरा. त्याला ओरडू नका. भाषण तर मुळीच करू नका. इथून तोफा ऐकू येतात दाजी, आणि त्या ऐकून मी चाळीस वर्षांचा माणूस चौफुलीवर उभ्या उभ्या थरथरतो. तो तर त्यांच्या तोंडाशी होता.

ता. क. तिसरा. थैली बांधायला अजून पाच मिनिटं आहेत. तो रडायला लागला, किंवा नुसताच गप्प बसून राहिला (ते जास्त वाईट), तर पाठवू नका. अकराव्याचा चेहरा धुळीत दिसला नव्हता असं मी शुक्रवारी सांगेन. पट्टा गेला तर गेला. मात्र उलट टपाली आभाराचा एक शब्दही लिहू नका. मी तुमच्यावर अजून संतापलेलोच आहे.