नाना, तुमच्या जागेवर कोण?

प्रिय नाना,

काल जे झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. खानदेशातल्या संघांच्या गेमिंग स्पर्धेत आपला स्क्वॉड उपांत्य सामना जिंकला. तुम्ही गेल्यानंतरचा हा आमचा पहिलाच सामना.
२. चौघांऐवजी आम्ही तिघंच खेळलो. तुमची जागा रिकामी ठेवली होती.
३. अंतिम सामना पुढच्या रविवारी आहे. त्याला चौघं लागतातच, आणि चौथं नाव शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे.

तिसऱ्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहितेय. बाकीचं आपोआप येतंय, त्याला माझा इलाज नाही.

आपण बापलेक फोनवर कधी नीट बोललो का हो? तुम्ही देवपुरातून विचारायचात, "जेवलीस?" मी जळगावहून म्हणायचे, "हो." संपलं. मग तुम्ही निवृत्त झालात, कॉम्प्युटर घेतलात, आणि एका रविवारी दुपारी माझ्या हेडफोनमध्ये तुमचा आवाज आला, "पोरी, ही बंदूक भरायची कशी?" त्या दुपारी आपण जितकं बोललो, तितकं माझ्या अख्ख्या इंजिनिअरिंगमध्ये बोललो नव्हतो!

वयाने मोठे म्हणून लीडर तुम्हीच. आपल्याकडे दुसरा विचार कुणाच्या डोक्यातच येत नाही. धरणगावहून माझा चुलतभाऊ भूषण, माझ्या कारखान्यातली हर्षा आणि मी, तिघंही तुमच्या मागे. आणि प्रत्येक दाराशी तेच! भूषण थांबायचा. "नाना, आधी तुम्ही." जशी काही आत पंगत मांडलीय! तुम्हीही छाती काढून आत शिरायचात, वर आम्हा सगळ्यांना आत बोलवायचात, "बठ्ठा मझार या!" आत दबा धरून बसलेल्यांना आणखी काय हवं? तुम्ही दारात आडवे, आणि तुम्हाला उचलायला आलेले आम्ही तुमच्याशेजारी आडवे.

मी त्या सामन्यांचं रेकॉर्डिंग तपासलं. चूक नेमबाजीत नव्हती, मानपानात होती. मुलीच्या सासरच्यांना द्यावा तसा मान आपण लढाईत देत होतो. हे तुम्हाला सांगू कशी? शेवटी सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मग लीडर तू हो. आम्ही ऐकू."

मी तुम्हाला दिलेला पहिला हुकूम आठवतो? "नाना, दाराबाहेर थांबा. खिडकी सांभाळा." मग तुमचा आवाज आला, "बरं, साहेब." आणि त्याच खिडकीतून पळणारे दोघे तुम्ही टिपलेत! दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर सांगत सुटलात म्हणे, "पोरगी मला दाराबाहेर उभं करते!" ती तक्रार होती की कौतुक? आई म्हणते, तक्रार कुणी इतक्यांदा सांगत नाही.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. खेळात गोळी नुसती चाटून गेली, तरी "मेलो, मेलो, पट्टी आणा!" असा गिल्ला करायचात. खरंच छातीत दुखलं तेव्हा आवाज का नाही केलात? मी लीडर होते ना? मला कळवायला नको होतं?

असो.

आता चौथं नाव. हर्षाच्या ओळखीची एक मुलगी आहे. नेम उत्तम, डोकं थंड. दुसरं नाव आईचं. हसू नका! "बट्ट्या थंड होताहेत, ठेवा त्या बंदुका," म्हणत जी तुमच्या खुर्चीमागे उभी असायची, तिने सगळं बघून ठेवलंय. मागच्या आठवड्यात मी देवपूरला गेले तेव्हा मला म्हणाली, "खेळातल्या त्या गोदामात तुम्ही पुढच्या दाराने का जाता गं? पुढच्या दाराने पाहुणे जातात. मागे जिना आहे ना?" काल आम्ही मागच्या जिन्याने गेलो. तिथे पहाऱ्यावर कुणीच नव्हतं!

पण तिचा नेम, नाना! त्याच भेटीत तिला सरावाला बसवलं, तर तिने पहिली गोळी भूषणलाच घातली.

"काकू, मी आपला!"

"अगं बाई! लागलं का रे?"

"मेलो ना, काकू!"

"मग बोलतोस कसा?"

हर्षा खुर्चीवरून पडायची राहिली. आईसुद्धा हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा लाव. या वेळी नीट बघून मारते."

ती खेळली तर आपण बहुतेक हरू. हे मी नीट विचार करून लिहितेय. ती खेळली नाही, तर आपण कदाचित जिंकू, आणि ती त्या दुपारी तुमच्या रिकाम्या खुर्चीमागे उभी असेल. लीडर मी आहे, निर्णय माझाच, हे कळतं. पण जागा तुमची. तुम्हाला न विचारता ती द्यायला मन धजत नाही.

एक वचन देते. आई आली तर तिलाही मी स्पष्ट हुकूम देईन, आई म्हणून तिची सोय बघत बसणार नाही. आणि हरलो तर दोष तिच्यावर ठेवणार नाही. भूषणलाही ठेवू देणार नाही.

सध्या मी आईचं नाव दिलं आहे. ते शनिवारी संध्याकाळपर्यंत बदलता येतं. तुमची हरकत असेल, तर त्याआधी कळवा.

तुमची लीडर,
प्राजक्ता